खातं आपलं, उतारा कुणाकडे?

बुलढाणा जिल्ह्यात ‘खातं’ हा शब्द आधी जमिनीला चिकटून येतो. गाव नमुना ८-अ म्हणजे खाते उतारा. कुणाच्या नावावर कोणते गट, किती क्षेत्र, किती आकार, हे त्यावर लिहिलेलं असतं. खात्यावरचं नाव बदलायचं तर फेरफार धरावा लागतो, त्याची नोटीस निघते, हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि त्यानंतरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पुढे वीस वर्षांनी नातवाला शंका आली, तरी फेरफार क्रमांक काढून त्याला सगळा प्रवास वाचता येतो. दुसरं खातं बँकेचं. तिथे पासबुक असतं, आणि खातं बंद करताना शिल्लक हातात पडते. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप मराठीत आले तेव्हा त्यांच्यासाठीही आपण हाच शब्द वापरला. पण त्याच्या पाठीशी असलेला उतारा, हरकत आणि शिल्लक यांतलं काही त्याबरोबर आलं नाही. मला म्हणायचं आहे ते असं की, समाजमाध्यमावरची नोंदणी खरोखर ‘खातं’ असेल तर खातेदाराचे हक्कही पूर्ण मिळाले पाहिजेत. ‘तात्पुरतं बंद’ आणि ‘कायमचं हटवा’ या दोन बटणांनी ते हक्क अर्धेही पुरे होत नाहीत.

ही दोन बटणं नेमकं काय करतात, याबद्दल गैरसमज फार आहेत. सगळ्यात मोठा गैरसमज तिसऱ्याच कृतीचा. मोबाइलमधून अ‍ॅप उडवलं म्हणजे खातं गेलं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा फक्त आपल्या हातातली खिडकी बंद होते. नाव, फोटो, ग्रुपमधली हजेरी जागच्या जागी राहते. फेसबुक तात्पुरतं बंद केलं की आपलं पान इतरांना दिसेनासं होतं, पण पाठवलेले निरोप समोरच्याकडे राहतात आणि मेसेंजर वेगळं बंद केलं नाही तर ते चालूच राहतं. परत यायला एक लॉगिन पुरतं. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये ‘फेसबुकने लॉगिन’ दाबलं, तरी खातं जागं होतं. कायमचं हटवायचं ठरवलं तर फेसबुक ३० दिवस वाट पाहतं, आणि त्या काळात एकदा आत शिरलात तर विनंती रद्द करता येते. ती मुदत उलटल्यावरही कंपनीच्या साठ्यातून सगळं निघून जायला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, असं कंपनीच सांगते. इन्स्टाग्रामची मुदतही ३० दिवसांची. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र खातं हटवलं की परतीची वाट नाही. सगळ्या ग्रुपमधून नाव त्याच क्षणी निघतं.

तात्पुरतं बंद करणं ही पळवाट आहे, असं काही जण मानतात. मला ते पटत नाही, आणि त्याला पुरावा आहे. हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकीआधी फेसबुक वापरणाऱ्यांना पैसे देऊन चार आठवडे खातं बंद ठेवायला लावलं. हा अभ्यास २०२० मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. खातं बंद ठेवणाऱ्यांचा रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला, त्यातला काही वेळ घरच्यांकडे आणि मित्रांकडे वळला, मनःस्थिती थोडी सुधारली. ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चमत्कार झाला नाही. राजकीय मतांची धार बोथट झाली, पण बातम्यांची माहितीही कमी झाली. मला यातला सर्वांत बोलका भाग पुढचा वाटतो. चार आठवडे संपल्यावर, कुणी सक्ती करत नसताना, या लोकांनी फेसबुक पूर्वीपेक्षा कमी वापरलं. म्हणजे काही काळ बाहेर राहिल्यावर माणूस आपलं मोजमाप स्वतः करतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ पासून हीच गोष्ट सामुदायिक रीतीनं केली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला राहतात. एकट्यानं खातं बंद ठेवणाऱ्याला ‘कुठे गायब झालास’ असं विचारलं जातं. सगळं गाव मिळून थांबलं की तो प्रश्नच उरत नाही.

याच्या उलट जाणारा पुरावाही मांडायला हवा, नाहीतर युक्तिवाद लंगडा राहील. बोस्नियामध्ये २०१९ च्या जुलैत, स्रेब्रेनित्सा हत्याकांडाच्या स्मृतिदिनाच्या आसपास, असाच प्रयोग झाला. ज्यांनी फेसबुक बंद ठेवलं, त्यांचं दुसऱ्या वांशिक गटाबद्दलचं मत सुधारेल अशी अपेक्षा होती. घडलं उलटं. विशेषतः ज्यांच्या भोवती आपल्याच गटाची माणसं होती, त्यांचं मत अधिक कलुषित आढळलं. आपल्याकडच्या गावांची रचना आठवली तर हे समजायला जड जात नाही. ज्याची ऊठबस आपल्याच आळीत, आपल्याच भावकीत, त्याला दुसऱ्या समाजाचा माणूस कदाचित मोबाइलवरच भेटत असेल. तेव्हा खातं बंद केल्यानं माणूस आपोआप शहाणा होतो असं मी म्हणणार नाही. बाहेर पडून तो कुणाच्या ओट्यावर बसतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

आणखी एक आक्षेप जास्त व्यवहाराचा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो खराच आहे. खामगावच्या चांदीच्या व्यापाऱ्याला फेसबुकवर पान हवं, रोपवाटिकेला व्हॉट्सअ‍ॅप हवं, सोयाबीन-कपाशीचे भाव आणि पावसाचा अंदाज ग्रुपवर येतो, अंगणवाडीच्या सूचना ग्रुपवर येतात, स्थळांचे बायोडाटाही तिथेच फिरतात. अशा माणसाला ‘डिलीट करून टाक’ असा सल्ला देणं म्हणजे बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवायला सांगणं. शिवाय एखाद्या पानाचे आपण एकटेच चालक असलो आणि आपलं फेसबुक खातं हटवलं, तर ते पानही जातं; दुकानाचं सात-आठ वर्षांचं गिऱ्हाईक त्याच्याबरोबर. पण या आक्षेपातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. जी वस्तू इतकी गरजेची झाली, तिच्यातून बाहेर पडण्याची रीत तर अधिकच सोपी, स्पष्ट आणि मराठीत असायला हवी. पानाला दुसरा चालक नेमा, आपल्या माहितीची प्रत उतरवून घ्या, मग पुढचं पाऊल टाका, हे सांगणारं कुणीतरी तालुक्याला हवं. खातं उघडून देणारे दहा भेटतात. बंद करून देणारा सापडत नाही.

खातं बंद न करता नुसतं सोडून देणं हा तर सर्वांत धोक्याचा प्रकार. कारण खातं मोबाइल क्रमांकाला बांधलेलं आहे, आणि क्रमांक कायमचा आपला नसतो. रिचार्ज थांबला, क्रमांक बंद पडला, की काही काळानं तो दुसऱ्याला दिला जातो. बंद झालेला क्रमांक ९० दिवस कुणाला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. याचा अर्थ त्यानंतर तो दिला जाऊ शकतो. जुनं फेसबुक खातं त्याच क्रमांकाला जोडलेलं असेल, तर पासवर्ड बदलण्याचा ओटीपी नव्या माणसाच्या हातात पडतो. सुरतला, पुण्याला कामाला जाऊन तिथलं सिम घेणाऱ्या आणि गावी परतल्यावर ते टाकून देणाऱ्या मजुरांना हा धोका जास्त आहे. शेत पडीक ठेवलं तरी ८-अ वर नाव आपलंच राहतं. इथे पडीक ठेवलेल्या खात्यात दुसरा पेरणी करून जाऊ शकतो.

‘कायमचं’ या शब्दाचीही तपासणी करायला हवी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार वापरकर्त्यानं नोंदणी रद्द केल्यानंतरही कंपनीनं नोंदणीची माहिती १८० दिवस जपून ठेवायची असते. हा नियम मला योग्य वाटतो. फसवणूक करून किंवा कुणाची बदनामी करून रातोरात खातं पुसणाऱ्याला त्यामुळे मोकळी वाट मिळत नाही. ‘हटवण्याचा हक्क दिला तर गुन्हेगारांचं फावेल’ या आक्षेपाचं उत्तर बऱ्याच अंशी याच नियमात आहे. पण मुदत संपल्यावर काय झालं, हे खातेदाराला कळायची सोय नाही. २९ जून २०२० रोजी सरकारनं टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद केली. गावागावांतल्या कलाकारांची खाती एका रात्रीत हाताबाहेर गेली, उतरवून घ्यायलाही फारसा अवधी नव्हता. खाती दिसेनाशी झाली, म्हणून माहितीही संपली असं सगळ्यांनी धरून चाललं. २०२३ च्या मार्चमध्ये ‘फोर्ब्स’नं बातमी दिली की बंदीआधीची भारतीय वापरकर्त्यांची माहिती टिकटॉकच्या कर्मचाऱ्यांना तेव्हाही पाहता येत होती. मालकाला बंद आणि कोठीवाल्याला उघडी, अशी ही स्थिती होती.

इथवरचा विचार स्वतः खातं उघडणाऱ्यांचा झाला. पण माझ्या मते या विषयाचं सगळ्यात अवघड प्रकरण आपल्याच जिल्ह्यात घडलं, आणि त्यात खातं कुणाचं हा प्रश्नच निरर्थक ठरला. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मुठीनं गळू लागले. आधी पाण्यावर संशय गेला, आयसीएमआरची पथकं आली, आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीतून बोट गव्हातल्या सेलेनियमकडे वळलं. पण कारण सापडण्याच्या कितीतरी आधी ‘टक्कल व्हायरस’ हे नाव पसरलं होतं. डोक्यावरून हात फिरवला की हातात येणारी बट, रिकामी झालेली टाळू, कॅमेऱ्यासमोर मान झुकवून उभी बाई, ही चित्रं देशभर मोबाइलवरून फिरली. ठरलेली लग्नं मोडल्याच्या, मुलामुलींच्या शिक्षणात खंड पडल्याच्या बातम्या आल्या. आजार संसर्गजन्य नव्हता. चित्र मात्र हातोहात पसरत गेलं. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवले. चित्रातले अजून उगवलेले नाहीत.

या माणसांनी कोणतं बटण दाबायचं? त्यांच्यापैकी कुणी फेसबुकवर होतं, कुणी नव्हतं. असतं आणि ते कायमचं हटवलं असतं, तरी काडीचा फरक पडला नसता. त्यांचा चेहरा दुसऱ्यांच्या खात्यांत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. पण तो हक्क आखला आहे तो ज्या माहितीला आपण संमती दिली तिच्याभोवती. एखाद्यानं खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तर हा कायदा लागूच नाही. मग पाहुण्याच्या मोबाइलमधून चाळीस ग्रुपवर गेलेल्या फोटोचं काय? अश्लील चित्र किंवा तोतयेगिरी असेल तर तक्रारीनंतर काही तासांत हटवण्याचं बंधन कंपन्यांवर आहे. आजारी माणसाच्या झुकलेल्या मानेला ते संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तेव्हा न्या. संजय किशन कौल यांनी विस्मरणाच्या हक्काचाही विचार केला होता. तो विचार बोंडगावपर्यंत पोचलेला नाही.

यावर पत्रकार म्हणतील की ती चित्रं दिसली म्हणूनच यंत्रणा हलली, शास्त्रज्ञ आले, गहू तपासला गेला. हे खरं आहे आणि ते मी पूर्ण मान्य करतो. सार्वजनिक हिताची बातमी पुसली जाऊ नये, नेत्यानं दिलेली आश्वासनं तर मुळीच पुसली जाऊ नयेत. पण गव्हात सेलेनियम होतं हे सांगायला एखाद्या मुलीचा ओळखू येणारा चेहरा आज लागत नाही. घटना राहू द्यावी आणि चेहरा मागे घेता यावा, इतकी वाट कायद्यात आखता येणं अवघड नाही. जमिनीच्या दफ्तरात आपण ते करतोच: जुना फेरफार जपला जातो, पण चालू उताऱ्यावर आज ज्याचा संबंध नाही त्याचं नाव राहत नाही.

मरणानंतरचीही एक गोष्ट. जमिनीला वारस नोंद आहे, बँकेला नॉमिनी आहे. नव्या डेटा कायद्यातही नामनिर्देशनाचा हक्क दिला आहे, आणि फेसबुकवर वारस-संपर्क नेमता येतो. तरी गेलेल्या माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्याची आठवण दरवर्षी येत राहते, कारण असा संपर्क कुणी नेमून ठेवलेला नसतो.

८-अ काढायला माणूस ज्या सेवा केंद्रात जातो, तिथल्याच टेबलावर आणखी दोन छापील मराठी अर्ज ठेवता येतील. एक, माझं खातं बंद करून त्याची पोच द्या, असा. दुसरा, माझा चेहरा माझ्या परवानगीशिवाय फिरतो आहे, तो काढा, असा. पहिला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाईल, दुसऱ्याची एक प्रत जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे. शेगावच्या त्या गावांतल्या माणसांना २०२५ च्या जानेवारीत हा दुसरा अर्ज हवा होता.