ग्राफिक्स कार्ड : खेळ, खर्च आणि विवेक

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसविणे हा विषय स्मरणिकेच्या पानांवर पाहून काही वाचकांना नवल वाटेल. शिक्षण, संघर्ष, संस्कार या विषयांच्या पंक्तीला हा पाहुणा कशासाठी, असेही कोणी विचारील. तथापि वसतिगृहातून बाहेर पडलेले, नुकतेच नोकरीस लागलेले आमचे माजी विद्यार्थी जेव्हा भेटतात, तेव्हा खर्चासंबंधी जे प्रश्न ते विचारतात, त्यांत हा प्रश्न वारंवार येतो. "सर, घरचा संगणक जुना झाला आहे, गेम अडखळतो, कार्ड घेऊ का?" प्रश्न लहान दिसतो. पण त्यामागे पहिल्या पगाराचा मोठा हिस्सा असतो, कधी आईने भिशीतून उचललेली रक्कम असते, आणि घरातील वडीलधाऱ्यांची नापसंती तर बहुधा असतेच. म्हणून या प्रश्नाचे उत्तर हसून टाळणे शिक्षकाला शोभत नाही, असे आमचे मत आहे.

आज या मुलासमोर दोनच आवाज आहेत. एक घरातला. "गेम खेळून कुणाचे भले झाले?" असे विचारून तो विषय संपवितो. दुसरा बाजाराचा. सर्वांत नवे ते सर्वांत चांगले, असे सांगून तो हप्त्याचा कागद पुढे करतो. पहिला आवाज ऐकूनच घेत नाही आणि दुसरा विचार करू देत नाही. या दोहोंच्या मध्ये सापडलेला मुलगा मग एक तिसरी वाट शोधतो. कार्ड ॲनिमेशनच्या अभ्यासाला लागते, असे तो घरी सांगतो. वस्तू घरात येण्यापूर्वी असत्य घरात येते. आम्हांला कार्डाच्या किमतीपेक्षा या असत्याची किंमत अधिक वाटते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही प्रथम खेळाविषयीच्या तिरस्काराचा विचार करतो. ज्या वस्तूला आपण पोरखेळ म्हणतो, तिचा जन्म खरोखरच खेळातून झाला आहे. १९९६ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीचे व्हूडू हे कार्ड बाजारात आले. ते केवळ त्रिमितीय चित्रे रेखाटत असे. साध्या चित्रांसाठी संगणकात दुसरे कार्ड ठेवावेच लागे. १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणले आणि जीपीयू हा शब्द रूढ केला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेण्याचे ठरले. पडद्यावरील लक्षावधी बिंदूंचे रंग एकाच वेळी ठरवायचे, तर एका हुशार गणित्यापेक्षा बेरीज-गुणाकार करणारे शेकडो साधे कारकून अधिक उपयोगी पडतात. या कार्डांची रचना नेमकी तशी आहे.

हेच शेकडो कारकून पुढे विज्ञानाच्या कामी आले. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखणारी जी प्रणाली घडविली, ती त्यांनी गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या जीटीएक्स ५८० या दोन कार्डांवर शिकविली होती. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा घरोघरी आहे, तिच्या इतिहासात ही घटना मैलाचा दगड मानली जाते. हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्याकडे पुण्यात घडविलेला 'राजी' हा खेळ २०२० साली जगभरच्या खेळाडूंपर्यंत पोहोचला. खेळ घडविणे हाही एक व्यवसाय आहे, हे त्यावरून दिसते.

मात्र या इतिहासातून सोयीचा निष्कर्ष काढण्यास आमचा विरोध आहे. टोरांटोत दोन कार्डांवर संशोधन झाले म्हणून गावातील प्रत्येक कार्ड संशोधनाला लागते, असे होत नाही. बहुतेक मुलांना कार्ड खेळण्यासाठीच हवे असते. आमचे म्हणणे असे की, ते खेळण्यासाठी हवे आहे असे त्याने सरळ सांगावे, आणि घरच्यांनीही ते सरळ ऐकून घ्यावे. क्रिकेटची बॅट किंवा कॅरमबोर्ड मागताना मुलगा अभ्यासाचे निमित्त पुढे करीत नाही. दिवसभर काम करून आलेल्या तरुणाने तासभर खेळावे, यात लाजण्यासारखे काही नाही. विरंगुळा हा केवळ सुखवस्तू घरांचाच हक्क आहे, असे कोणी ठरवून दिलेले नाही. प्रश्न खेळाचा नाही, हिशेबाचा आहे. आणि हा हिशेब दुकानात जाण्यापूर्वी, घरीच मांडावयाचा असतो.

उदाहरणादाखल आपल्या घरांतून नेहमी आढळणारे यंत्र घेऊ. मोठ्या कार्यालयांतून निघालेले, सेकंड हँड बाजारातून आलेले, २०१३ च्या सुमाराचे इंटेलच्या चौथ्या पिढीतील आय-फाइव्ह प्रोसेसरचे यंत्र. यात चार गाभे आहेत, आठ जीबी रॅमची एकच पट्टी आहे आणि जुनी हार्ड डिस्क आहे. गेम अडखळतो हे खरे. पण तो कशामुळे अडखळतो? ज्या यंत्रात वेगळे कार्ड मुळीच नाही, तेथे उत्तर बहुधा उघड असते. ज्यात जुने कार्ड आहे, तेथे मात्र परीक्षा घ्यावी लागते. ती अगदी सोपी आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे रेझोल्यूशन कमी करावे. त्याने वेग वाढला, तर अडचण कार्डाची आहे. चित्र लहान करूनही वेग होता तेवढाच राहिला, तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत आहे. अशा यंत्रात महागडे कार्ड घालणे म्हणजे बैल थकला म्हणून गाडीला नवी चाके लावणे होय. व्हॅलोरंटसारखा खेळ तर कार्डापेक्षा प्रोसेसरवरच अधिक अवलंबून असतो. काही वेळा रॅमची जोडपट्टी घातल्याने बराच फरक पडतो. खेळ उघडण्यास वेळ लागत असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा उपाय आहे. कार्डाने तो वेळ वाचत नाही.

दुसरा हिशेब पडद्याचा. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर एका चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची, तर कार्डाला सेकंदात १२ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदू रंगवावे लागतात. फोर-के पडद्यावर हेच काम बरोबर चौपट होते. म्हणजे पडदा कोणता आहे, यावर कार्ड ठरते. घरातील मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला दीडशे चित्रे काढणारे कार्ड आणूनही डोळ्यांपुढे साठच ताजी चित्रे येणार. दुकानदार हे आपणहोऊन सांगेलच असे नाही. ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

तिसरा हिशेब विजेचा आणि जागेचा. मदरबोर्डवरील स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक हवे असल्यास एसएमपीएसमधून वेगळी तार यावी लागते. सहा पिनांची तार ७५ वॉटसाठी आणि आठ पिनांची १५० वॉटसाठी असते. कार्यालयीन यंत्रांच्या एसएमपीएसमध्ये ही तार बहुधा नसते. म्हणून अशा यंत्रांसाठी २०१९ चे जीटीएक्स १६५०, किंवा २०२४ चे सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० ही कार्डे अनेकांनी निवडली. त्यांची मूळ गरज अनुक्रमे ७५ आणि ७० वॉटची आहे. तरीही जीटीएक्स १६५० च्या काही प्रकारांना वेगळी तार लागते, हे खरेदीपूर्वी पाहावे. एसएमपीएसवर छापलेल्या मोठ्या आकड्यावर विसंबू नये. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले असेल, तर त्या वाटेने फक्त १९२ वॉट मिळतात, मग वर ४५० लिहिलेले असो. स्वस्त एसएमपीएस जळताना कधी कधी मदरबोर्डलाही घेऊन जातो. कॅबिनेट उघडून पट्टीने आतली जागाही मोजावी. बारक्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसतच नाही. त्यासाठी कमी उंचीचे कार्ड मिळते. हे मोजमाप फुकट होते, आणि न केल्यास महाग पडते.

चौथी सावधगिरी नावांविषयी. खोक्यावरील नाव एक आणि आतील वस्तू दोन, असा प्रकार या व्यवसायात उघडपणे चालतो. जीटी १०३० हे कार्ड पुढे डीडीआर-फोर मेमरी घालूनही विकले गेले. नाव तेच राहिले, पण मेमरीचा वेग जवळजवळ एक-तृतीयांशावर आला. जीटीएक्स १०६० तीन जीबीचे आणि सहा जीबीचे असे मिळे. फरक केवळ मेमरीचा असेल असे ग्राहकाला वाटे. प्रत्यक्षात तीन जीबीच्या कार्डात गणन करणारे गाभेही १,२८० ऐवजी १,१५२ होते. एएमडीचे २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी स्लॉटच्या केवळ चार वाहिन्या वापरते. नव्या मदरबोर्डवर ते ठीक चालते. वर सांगितलेल्या जुन्या यंत्रात मात्र स्लॉटच मंद असल्याने त्याचा वेग बराच घटतो. नव्या यंत्रावर घेतलेल्या चाचण्या पाहून जुन्या यंत्रासाठी कार्ड घेणारा येथे फसतो. नावावरून वस्तूची लायकी ठरवू नये, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

सेकंड हँड बाजाराविषयी तुच्छता बाळगण्याचे कारण नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथून सुटे भाग आणून कित्येकांनी आपले पहिले यंत्र उभे केले. २०२० नंतर आभासी चलन मिळविण्यासाठी ही कार्डे रात्रंदिवस राबविली गेली आणि त्या काळात सामान्य ग्राहकाला रास्त भावात कार्ड मिळणे दुरापास्त झाले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली, आणि असंख्य वापरलेली कार्डे बाजारात आली. त्यांतील बरीच उत्तम चालतात. पण पंखे झिजलेले असू शकतात, म्हणून कार्ड अर्धा तास गेम चालवून, तापमान पाहून, मगच पैसे द्यावेत. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचे प्रकारही झाले आहेत. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम अशी अनेक बनावट कार्डे ओळखतो. पेन ड्राइव्हवर तो सोबत न्यावा. विक्रेता तपासणीस नकार देत असेल, तर आपणही खरेदीस नकार द्यावा.

राहिले बसविण्याचे काम. ते अवघड नाही. ते कोणा तज्ज्ञाचेच काम आहे असे मानून लोक घाबरतात. वीज बंद करावी, वायर काढावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत जाऊ द्यावी. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबावे, खिटी बसल्याचा आवाज ऐकावा, स्क्रू घट्ट करावा, लागत असल्यास विजेची तार जोडावी. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे, नव्या कार्डाच्या तोंडाला लावावी. नवे कार्ड घालूनही वेग वाढला नाही, अशी तक्रार पुष्कळदा येथेच मिटते. त्यानंतर कंपनीच्या अधिकृत स्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. आमच्या मते प्रत्येक मुलाने आणि मुलीनेही हे एकदा स्वतःच्या हाताने करावे. खोके उघडण्याचे भय गेले की यंत्राविषयीचा दबदबा जातो, आणि विकणाऱ्याच्या बोलण्याचाही.

या सर्वांवर एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. ज्या घरात एका कमावत्यावर पाच-सहा जण अवलंबून आहेत, तेथे हा खर्च करावाच का? आमचे उत्तर असे. बहिणीची फी, औषधे आणि घरभाडे यांच्यानंतरच कार्डाचा क्रम लागतो. कर्ज काढून किंवा हप्त्याने कार्ड घेऊ नये. कारण हप्ता संपण्यापूर्वीच त्याची बाजारातील किंमत घसरलेली असते. दरमहा थोडे बाजूला ठेवून जी रक्कम जमेल, तिच्यातच कार्ड शोधावे. वीजबिलही मोजावे. १७० वॉटचे कार्ड रोज चार तास पूर्ण जोराने चालले, तर महिन्याला सुमारे २० युनिट वाढतात. एवढे मांडूनही पैसे उरत असतील, तर त्या तरुणाने कार्ड घ्यावे, आणि कोणापुढेही मान खाली न घालता घ्यावे. हिशेब मांडणाऱ्या मुलाला उधळा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या निमित्ताने आमची एक सूचना आहे. संगणकाचे सुटे भाग हाताळणारे अनेक माजी विद्यार्थी आज ठिकठिकाणी आहेत. माजी विद्यार्थी मेळाव्यात भाषणांचा एक तास कमी करावा आणि तो त्यांना द्यावा. एक जुने यंत्र मुलांसमोर टेबलावर उघडावे, लेबल वाचावयास लावावे, स्लॉट मोजावयास लावावे, रेझोल्यूशन कमी-अधिक करून दोष कोठे आहे तो मुलांकडूनच शोधून घ्यावा. पालकांनाही मागच्या रांगेत बसवावे. मुलगा काय मागतो आहे आणि का मागतो आहे, हे त्यांना तेथे कळेल. मुलालाही आपली मागणी आकड्यांत मांडण्याची सवय लागेल.

कार्ड चार-पाच वर्षांत जुने होईल. त्या धंद्याची रीतच तशी आहे. पैसे देण्यापूर्वी वस्तू पारखून घेण्याची, आणि घरात खरे बोलून मागण्याची सवय मात्र पुढच्या प्रत्येक खरेदीत कामी येईल. घर घेताना येईल, मुलांच्या शाळेची फी भरताना येईल, सहीसाठी कोणी कागद पुढे करील तेव्हाही येईल. आमच्या विद्यार्थ्यांनी ती सवय एका ग्राफिक्स कार्डापासून लावून घेतली, तरी आमची हरकत नाही.