उजव्या हाताचा स्पीकर

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरातल्या दोन वस्तू दरवर्षी थोडक्यात बचावतात. एक आमचा स्टिरिओ आणि दुसरा मी. दोघेही जागा फार अडवतो, असे हिचे मत आहे. निदान मला तसे ऐकू आले. कारण अलीकडे ही फार पुटपुटायला लागली होती. गेल्या दिवाळीत अनारशांसाठी खसखस आणायला सांगितली ती अशी, की मी खोकल्याचे औषध घेऊन आलो!

त्याच सुमारास स्टिरिओचा डावा स्पीकर बिघडला. तबल्याचा बायां घुमला की फाटका पत्रा थरथरावा तसा आवाज येई. चिरंजीव म्हणाले, "बाबा, भंगारात द्या. तळहाताएवढा नवा आणून देतो." मी ठणकावून सांगितले, "एक भाग बिघडला म्हणून अख्खी वस्तू टाकायची नसते. भाग बदलायचा असतो!" १९८६ साली बोनसच्या पैशांतून घेतलेली जोडी ती, मी बरी टाकू देईन!

दादरहून गाडी पकडून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. तिथे एका गाळ्यात स्पीकर दुरुस्त करणारा तरुण कारागीर बसतो. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "काका, दोष पेटीतच आहे हे कशावरून?" मी गप्प. तो म्हणाला, "घरी जा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करा आणि मग लावा. खरखर दुसऱ्या पेटीत गेली तर दोष मागून येतोय. जागची हलली नाही तर पेटीत." घरी येऊन तसे केले. खरखर डावीकडेच राहिली. पेटी दोषी ठरली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेट्या टॅक्सीत घालून नेल्या. त्याने पुढचे कापड काढले आणि आठ इंची ड्रायव्हरच्या कडेला बोट लावले. शिळ्या खारीसारखा भुगा खाली पडला. कागदी शंकूच्या कडेला फोमचे कडे असते. ते पंधरा-वीस वर्षांत कुजते आणि आमच्या मुंबईच्या दमट हवेत तर त्याला आयुष्य कुठले! नुसते कडे गेले असते तर नवे चिकटवून भागले असते. पण त्याने दोन्ही हातांची बोटे शंकूवर सारखी टेकवून हलकेच दाबले, तेव्हा आतून कर्रर्र आवाज आला. शंकूच्या मागे बारीक तारेचे वेटोळे असते. ते लोहचुंबकाच्या अगदी अरुंद फटीत मागे-पुढे होते, म्हणून शंकू हलतो, म्हणून हवा हलते, म्हणून गाणे ऐकू येते. १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकनांनी ही रचना मांडली. बहुतेक स्पीकर आजही याच रीतीने बोलतात. आमचे वेटोळे तिरके होऊन चुंबकाला घासत होते. ड्रायव्हरच बदलायला हवा होता.

"तेवढा एकच बदला," मी काटकसरीने म्हणालो. "नको काका. आठ ओहमचा, त्याच मापाचा मिळेल. पण एक नवा आणि एक जुना असला की दोघांचा सूर जुळत नाही. जोडीनेच बदलू." नवे बसवल्यावर त्याने दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना लावला. दोन्ही शंकू पुढे आले. एक पुढे आणि एक मागे गेला असता, तर दोघांनी मिळून खर्जच खाऊन टाकला असता.

घरी येऊन अभंगांची तबकडी लावली. मृदंग काय घुमला म्हणून सांगू! पण टाळांची किणकिण उजवीकडून जवळजवळ नाहीच. तारांची अदलाबदल केली; तरी उजवी बाजू मंदच. नियमाप्रमाणे उजवी पेटी दोषी. वरच्या सुरांचा छोटा ट्वीटर गेला असणार! कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "काका, कालच तपासलाय तो. तारा बदलून पाहिल्यात ना? आता ऐकणारा बदलून पाहा."

नातीला खुर्चीवर बसवले. ती म्हणाली, "आजोबा, दोन्हीकडून छान वाजतंय की!" मग मी खुर्चीच उलटी फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसलो. आता उजव्या हाताला डावी पेटी आली. आणि टाळ पुन्हा उजवीकडूनच हरवले.

दोष पेटीत नव्हता.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला. वयाबरोबर आधी वरचे सूर जातात. माझे दोन्ही कानांतले उतरले होते, उजव्यातले अधिक. डॉक्टर म्हणाले, "स, श, च ही अक्षरे याच सुरांत असतात. ती गेली की माणसाला वाटते, समोरचा पुटपुटतो आहे." ही गेली चाळीस वर्षे जेवताना माझ्या उजव्या हाताला बसते. तिने मान खाली घातली. मीही.

तरी पेट्यांसाठी टॅक्सी करणारा मी, कानाच्या यंत्राला तीन महिने नाही म्हणत होतो. "आता या वयात कशाला?" शेवटी एकदा ही काहीतरी बोलली. मी "काय?" म्हटले. तिसऱ्या खेपेला ती मोठ्याने म्हणाली, "एक भाग बिघडला म्हणून अख्खी वस्तू टाकायची नसते, असं कोण म्हणालं होतं?"

दुसऱ्या दिवशी यंत्र घेतले. आणि दोन्ही कानांना घेतले. जोडीचा धडा लॅमिंग्टन रोडवर मिळालाच होता.

आता कळते की ही मुळीच पुटपुटत नाही. उलट मध्यंतरी ती बरेच काही बोलून गेली, तेवढे माझे ऐकायचे राहिले. यंदा तिने स्वयंपाकघरातून एकदाच हाक मारली आणि मी खसखस घेऊन आलो. खोकल्याचे औषध अजून कपाटात आहे. साफसफाईत ते टाकायला ही तयार नाही.