शब्द खरा, दार बंद

आपल्याच घराच्या दाराशीं उभें राहून कडी वाजवावी, आंतून ‘कोण?’ अशी पृच्छा व्हावी, आपण आपलें नांव आणि परवलीचा शब्द बिनचूक सांगावा, आणि तरीहि ‘ओळख पटत नाहीं’ असेंच उत्तर पुन्हां पुन्हां यावें, हा अनुभव संगणकावर ई-मेलचा प्रोग्रॅम ठेवणाऱ्या बहुतेक कुटुंबांना केव्हां ना केव्हां येतो. एक लहानशी चौकट पडद्यावर उगवते, ‘लॉगिन अयशस्वी, पासवर्ड पुन्हां द्या’ असें बजावते, आणि घरांतील कर्ता माणूस चिडून नवा पासवर्ड तयार करतो. चार दिवस बरे जातात आणि चौकट पुन्हां हजर! या महिन्यांत आम्हीं हाच विषय घेतला आहे. कारण गेल्या वर्षीं या चौकटीनें आमच्या घरांत जें घडविलें, तें केवळ गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखें नव्हतें.

आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतों, इंदुरास असतात. वय अठ्ठ्याहत्तर. कानांनीं ऐकूं येणें जवळजवळ बंद झाल्यामुळें टेलिफोनवर बोलणें होत नाहीं, आणि मोबाईलवरील बारीक अक्षरें त्यांच्या डोळ्यांना सोसत नाहींत. म्हणून कित्येक वर्षें आम्हां दोघां भावांचें सारें बोलणें संगणकाच्या मोठ्या पडद्यावर, ई-मेलच्या द्वारें होत आलें आहे. गेल्या श्रावणांत त्यांचें पत्र आलें. हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. तारीख कळवून त्यांनीं लिहिलें होतें, ‘आधीं एकदां येऊन जा. कोंकणांतल्या घराविषयीं आपलें बोलणें अर्धवट राहिलें आहे, तें समोरासमोर पुरें करूं.’ त्या घरावरून पूर्वीं आम्हां दोघांत कांहीं कडवटपणा येऊन गेला होता, हें येथें मान्य केलें पाहिजे. आम्हीं त्याच सायंकाळीं सविस्तर उत्तर लिहिलें. येतों म्हणून कळविलें. घराबद्दल आपण म्हणाल तें मान्य, असेंहि लिहिलें. पाठविण्याचें बटण दाबलें आणि निश्चिंत झालों. आठवड्यानें त्यांचें आणखी एक पत्र आलें, एकाच ओळीचें: ‘उत्तराची वाट पाहात आहें.’ दोन पत्रें वाटेंत एकमेकांना चुकलीं असतील, असें समजून आम्हीं पुन्हां चार ओळी लिहिल्या.

अकराव्या दिवशीं पुतण्याचा टेलिफोन आला. ‘काका, तुम्ही रागावलां आहांत का? बाबा रोज सकाळीं संगणक उघडून बसतात, आणि कांहीं न बोलतां उठतात.’

आम्हीं तसेच जाऊन पाहिलें. दोन्ही पत्रें आमच्याच संगणकावरील ‘आउटबॉक्स’ नांवाच्या कप्प्यांत स्वस्थ पडून होतीं. अण्णांचीं पत्रें आमच्याकडे येत होतीं. आमचीं पत्रें घराबाहेर पडलींच नव्हतीं. त्या अकरा दिवसांत ती चौकट रोज येत होती, हेंहि तेव्हांच आठवलें. ‘पत्रें तर येत आहेत, मग ही पीडा कशाला?’ असें म्हणून आम्ही दर वेळीं ‘रद्द करा’ दाबीत होतों. आमचें खातें कोणत्या कंपनीकडे आहे आणि प्रोग्रॅम कोणता, हें सांगण्याचें कारण नाहीं. दोष त्यांचा नव्हता, आमचा होता.

पहिलें काम म्हणून आम्हीं ब्राउझर उघडला, खात्याच्या संकेतस्थळावर गेलों, नेहमींचा पासवर्ड दिला, आणि तेंच पत्र तेथून अण्णांना पाठविलें. क्षणांत गेलें. पत्र तांतडीचें असेल, तर प्रोग्रॅमशीं झगडत न बसतां हीच वाट धरावी. परंतु त्याबरोबर दुसरीहि एक गोष्ट आमच्या लक्षांत आली. जो पासवर्ड प्रोग्रॅम नाकारीत होता, तोच संकेतस्थळानें निमूटपणें स्वीकारला होता. मग गेल्या सहा महिन्यांत आम्हीं तीन वेळां पासवर्ड बदलला तो कशासाठीं?

न्यायशास्त्र शिकलेल्यांना अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द परिचित आहेत. जें असतां कार्य घडतें आणि जें नसतां घडत नाहीं, तें त्या कार्याचें कारण. वर्गांत हा नियम आम्हीं शेंकडों विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला; स्वतःच्या टेबलापाशीं मात्र एकदांहि लावला नाहीं. वैद्यानें नाडी न पाहतां दर खेपेस तोच काढा द्यावा, तसा आम्ही दर खेपेस पासवर्डच बदलीत होतों. त्या रात्रीं वही घेऊन बसलों, आणि जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिली गोष्ट अशी कीं, ई-मेलला एक दार नसून दोन दारें आहेत, आणि प्रोग्रॅम त्या दोहोंच्या किल्ल्या निरनिराळ्या ठेवतो. आलेलीं पत्रें आणण्याची एक व्यवस्था आहे, तिला बहुधा आयमॅप म्हणतात. ती १९८६ त स्टॅनफर्ड विद्यापीठांत मार्क क्रिस्पिन यांनीं आखली. पत्रें धाडण्याची व्यवस्था दुसरी. तिचें नांव एसएमटीपी, आणि तिचे नियम जॉन पोस्टेल यांनीं १९८२ त लिहिले. गंमत अशी कीं, त्या मूळ नियमांत पत्र धाडणाऱ्याची ओळख पटविण्याची सोयच नव्हती. रस्त्यावरील टपालाच्या पेटींत कोणीहि पत्र टाकावें, त्याला कोण विचारतो? परंतु जाहिरातींचा आणि ठकबाजीचा कचरा त्या पेटींत येऊन पडूं लागला, आणि पेटीशींहि पहारेकरी बसविणें भाग पडलें; तशी प्रमाण सोय १९९९ त झाली. म्हणून आजहि आंत येण्याचें दार उघडें आणि बाहेर जाण्याचें बंद, अशी स्थिति सहज उद्भवूं शकते. चौकट आली, कीं ती कोणत्या सर्व्हरचें नांव घेते हें आधीं वाचावें. त्या नांवांत बहुधा ‘आयमॅप’ किंवा ‘एसएमटीपी’ हीं अक्षरें असतात, आणि तेवढ्यावरून अर्धें निदान होतें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रोग्रॅमला जो शब्द हवा असतो, तो आपला नेहमींचा पासवर्ड असेलच असें आतां राहिलेलें नाहीं. पूर्वीं तोच चालत असे. पण प्रत्येक प्रोग्रॅमच्या हातीं घराची मुख्य किल्ली देणें धोक्याचें, हें ध्यानांत आल्यावर मोठ्या टपालसेवांनीं ती रीत बंद केली. गूगलनें वैयक्तिक जीमेल खात्यांसाठीं ती ३० मे २०२२ पासून बंद करण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टनें आउटलुक आणि हॉटमेलच्या वैयक्तिक खात्यांसाठीं १६ सप्टेंबर २०२४ रोजीं. तिच्या जागीं जी रीत आली तिचें नांव ‘ओऑथ २’. तींत प्रोग्रॅम पासवर्ड विचारीत नाहीं. तो टपालसेवेचेंच पान उघडून देतो, आपण तेथें ओळख पटवितों, आणि ती सेवा प्रोग्रॅमला एक अनुमतिपत्र देते. गड्याला घराची किल्ली न देतां केवळ पत्रें आणण्या-नेण्याची चिठ्ठी द्यावी, तसें हें आहे. चिठ्ठी केव्हांहि रद्द करतां येते. किल्ली आपल्याच कनवटीला राहते.

ज्या जुन्या प्रोग्रॅमांना ही रीत येत नाहीं, त्यांच्यासाठीं गूगलनें ‘ॲप पासवर्ड’ ठेवला आहे. तो सोळा अक्षरांचा असतो, एकदांच दाखविला जातो, आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावली असेल तरच मिळतो. यांतील मर्म असें कीं, मुख्य पासवर्ड बदलला, कीं पूर्वीं दिलेले सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. अशाच व्यवस्थेंत आमच्या दुखण्याचें मूळ होतें. बाहेरच्या दाराशीं फार जुना मुख्य पासवर्ड साठवलेला होता, म्हणून तें उघडत नसे. चौकट आली, कीं आम्ही मुख्य पासवर्ड बदलीत असूं. त्या बदलासरशीं आंतल्या दाराचा ॲप पासवर्डहि रद्द होई आणि दोन्ही दारें बंद पडत. मग नात येऊन नवा ॲप पासवर्ड आंतल्या दाराला घालून देई. पत्रें येऊं लागत, आम्ही प्रसन्न होऊं, आणि बाहेरचें दार होतें तसेंच राही. रोगावर औषध म्हणून जें घेत होतों, तेंच रोग वाढवीत होतें.

तेव्हां वाचकांनीं क्रम असा ठेवावा. चौकट आली, कीं पासवर्ड बदलूं नये. प्रथम ब्राउझरमधून संकेतस्थळावर तोच पासवर्ड देऊन पाहावा. तेथें दार उघडलें, तर शब्द खरा आहे, आणि बिघाड प्रोग्रॅम व सर्व्हर यांच्यामध्यें आहे. तेथेंहि न उघडलें, तरच पासवर्डाचा विचार करावा. मग दार कोणतें तें पाहावें. थंडरबर्ड वापरणाऱ्यांनीं ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडून आंत येणाऱ्या सर्व्हरचें पान पाहावें, आणि त्याच यादीच्या अगदीं तळाशीं असलेलें ‘आउटगोइंग सर्व्हर’ हेंहि पान न विसरतां पाहावें. दोन्ही ठिकाणीं वापरणाऱ्याचें नांव म्हणून संपूर्ण ई-मेल पत्ता हवा, आणि ओळख पटविण्याची रीत जीमेलसाठीं ‘ओऑथ २’ हवी. आयमॅपचें पोर्ट ९९३. एसएमटीपीचें ४६५ किंवा ५८७.

त्यानंतर साठवलेले जुने शब्द पुसावेत. नवा शब्द दिला, तरी प्रोग्रॅम कधीं कधीं जुनाच पुढें करीत राहतो. थंडरबर्डमध्यें ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागांत ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ आहे. तेथील त्या खात्याच्या सर्व ओळी काढून प्रोग्रॅम बंद करून पुन्हां उघडावा. आउटलुकच्या जुन्या आवृत्तीचे शब्द विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्यें असतात. ‘ओऑथ २’ चें पान उघडून लगेच मिटत असेल, तर प्रोग्रॅममध्यें कुकीज बंद नाहींत ना, हें पाहावें.

इतकेंहि करून दुखणें परत येत असेल, तर दोन ठिकाणें उरतात. पहिलें संगणकाचें घड्याळ. जुन्या संगणकांतील नाण्याएवढी बॅटरी संपली, कीं वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षें मागें जाते. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत मग जुळत नाहीं, आणि जोडणीच होत नाहीं. दार कांहीं दिवस उघडें आणि कांहीं दिवस बंद, या लहरीपणाचें कारण पुष्कळदां ही लहानशी बॅटरीच असते. दुसरें म्हणजे एकाच खात्याला अनेक यंत्रें जोडलेलीं असणें. जीमेल एका खात्याला एका वेळीं आयमॅपच्या पंधराच जोडण्या देतें, आणि थंडरबर्ड एकटा पांचपर्यंत घेऊं शकतो. घरांतील दोन संगणक आणि तीन मोबाईल एकाच पत्रपेटीला लावले, तर गर्दी होणारच.

एक सावधगिरी मात्र सर्वांआधीं. ‘तुमची पत्रपेटी बंद होणार आहे, खालील दुव्यावर पासवर्ड द्या’ असें सांगणारें पत्र आलें, तर तें ठकाचें समजावें. लॉगिनच्या त्रासानें जेरीस आलेला मनुष्य अशा पत्राला सर्वांत लवकर फसतो. चौकट दिसली, कीं शब्द टाकण्याची त्याच्या हाताला संवय लागलेली असते. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून जावें, आणि पासवर्ड किंवा मोबाईलवर आलेला सांकेतिक आंकडा टेलिफोनवरून कोणालाहि सांगूं नये.

हें सर्व वहींत उतरून आम्हीं बाहेरच्या दाराचा जुना शब्द पुसला, नवा घातला, आणि पासवर्ड बदलण्याचें व्रत सोडलें. त्यानंतर ती चौकट आमच्याकडे फिरकलेली नाहीं. तिसऱ्या दिवशीं आम्ही इंदुरास पोहोंचलों. शस्त्रक्रियेला अजून दोन दिवस अवकाश होता. अण्णांनीं आमचें पत्र मोठ्या अक्षरांत छापून घेऊन उशीखालीं ठेवलें होतें. आम्हीं पाटीवर लिहून त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनीं ती सावकाश वाचली आणि हंसले. ‘कान माझे गेले,’ ते म्हणाले, ‘आणि मुका तूं झालास!’ घराचें बोलणें त्यानंतर पांच मिनिटांत संपलें. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, हें सांगितलेंच पाहिजे.

परंतु ती पांच मिनिटें मिळालीं, तीं पुतण्यानें टेलिफोन केला म्हणून. त्यानें संकोच केला असता, तर धाकट्यानें उत्तरहि दिलें नाहीं, एवढीच समजूत घेऊन अण्णा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले असते. म्हणून आतां आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एकच सूचना लिहिलेली आहे, आणि तीच वाचकांनाहि करतों: महत्त्वाचें पत्र पाठविल्यावर, तें ‘पाठविलेलीं’ या कप्प्यांत गेलें कीं नाहीं, तें डोळ्यांनीं पाहूनच उठावें. असो.