एका घरावरची आपत्ती

आयआयटीतला प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधल्या क्रमांकावर ठरतो, पण त्या क्रमांकाला बारावीची एक अट जोडलेली आहे. बारावीला ७५ टक्के हवेत, अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांना ६५. नाहीतर आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये तरी बसायला हवे. महामारीमुळे २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षी ही अट बाजूला ठेवली गेली. बारावी उत्तीर्ण होणे पुरेसे ठरले. २०२३ मध्ये ती परत आली. ती सूट योग्यच होती. सूट देताना व्यवस्थेने एक गोष्ट मान्य केली: संकटाच्या वर्षातली गुणपत्रिका विद्यार्थ्याची कुवत पुरती सांगत नाही. मग संकट सगळ्या देशावर आले तरच हे खरे, आणि एकाच घरावर आले तर खोटे, असे कसे म्हणता येईल? परीक्षेच्या तोंडावर जिचे वडील गेले, किंवा जी वर्षभर आईच्या केमोथेरपीसाठी दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती, तिच्यासाठी या नियमात जागा नाही. प्रवेश परीक्षेत तिने कुवत सिद्ध केली, तरी तिचे ७३ टक्के आड येऊ शकतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोट्या दाखल्यांचा. ती भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. केंब्रिज विद्यापीठात विद्यार्थ्यावर ओढवलेली अशी परिस्थिती शाळा किंवा डॉक्टर वेगळ्या अर्जातून कळवतात. त्याने प्रवेश आपोआप मिळत नाही. निवड करणारे गुण वाचतात ते परिस्थितीसह, एवढेच. या पद्धतीत आणखी एक शहाणपण आहे. आपले दुःख आकर्षक निबंधात मांडण्याची सक्ती मुलांवर होत नाही. आपल्याकडे मृत्यूचा दाखला, रुग्णालयाची कागदपत्रे आणि अकरावीपर्यंतचे गुण शाळेमार्फत तपासता येतील. वर्षानुवर्षे ८५ टक्के मिळवणारी मुलगी एकाच वर्षी घसरली, तर ती घसरणही पुरावाच आहे.

दुसरा आक्षेप असा की, तिने परीक्षा पुन्हा द्यावी. गुणसुधारणेची सोय आहे हे खरे. पण जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते आणि कमावते माणूस गमावलेल्या घराला एक वर्ष फार महाग पडते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: हा इतरांवर अन्याय नाही का? गुणानुक्रमात कुणाला वर ढकलले, तर तो अन्याय होईल. इथे मागणी फक्त किमान टक्क्यांची अट सोडण्याची आहे; जागा मिळेल ती स्वतःच्या क्रमांकावरच. महामारीच्या तीन वर्षांतही जागा अशाच वाटल्या गेल्या.

वंचिततेची दखल घेण्याची पद्धत आपल्याला परकी नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने मागास जिल्ह्यांतल्या उमेदवारांना अनेक वर्षे वाढीव गुण दिले. तिथे जिल्हा पाहिला गेला. आता घराकडेही पाहायला हवे. प्रवेश नियमावलीत आपत्तीग्रस्त विद्यार्थ्यांसाठी एक कलम, तपासणीसाठी एक लहान समिती आणि लेखी कारणासह निकाल, इतके केले तरी पुरे. कठोर निवड जरूर असावी; पण कठोरपणा कुवत तपासण्यासाठी असतो, दुर्दैवाची शिक्षा देण्यासाठी नव्हे.