परवाना नको, म्हणजे परवानगी नव्हे

निवृत्तीनंतर वर्षातील काही महिने माझा मुक्काम मुलीकडे, बंगळुरूच्या यशवंतपूर भागात असतो. येथील बाजार समितीच्या आवारात महाराष्ट्रातून कांदा उतरतो, त्यामुळे परमुलुखातही मराठी कानावर पडते. आमच्याच इमारतीत रत्नागिरी जिल्ह्यातील एक तरुण अभियंता राहतो. गेल्या महिन्यात एका रविवारी तो भ्रमणध्वनीवर दोन चित्रे घेऊन आला. "काका, तुम्ही सरकारात होतात, तुम्हीच सांगा. वानरांनी बाग खाल्ली म्हणून बाबांना एअरगन पाठवायची आहे. एकीवर वेग लिहिलाय बाराशे फूट, दुसरीवर ऊर्जा अठरा ज्यूल. कोणती घेऊ? परवाना दोन्हींना लागत नाही."

त्याच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. त्याच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर मात्र मला त्या दिवशी नीट देता आले नाही. ते येथे देतो.

प्रथम सोपा भाग. छऱ्याची ऊर्जा म्हणजे त्याच्या वस्तुमानाचा आणि वेगाच्या वर्गाचा गुणाकार, त्याचा निम्मा. सेकंदाला १,२०० फूट म्हणजे सुमारे ३६६ मीटर, ध्वनीपेक्षाही अधिक वेग. असा आकडा बहुधा हलक्या मिश्रधातूचा छर्रा वापरून मिळवलेला असतो. ०.३ ग्रॅमचा छर्रा या वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा भरते सुमारे २० ज्यूल. ०.५ ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला केवळ २७० मीटर वेगाने सुटला तरी ती १८ ज्यूल होते. म्हणजे खोक्यावर दिसणारा प्रचंड फरक व्यवहारात फारसा उरत नाही. उलट हलका छर्रा हवेत आपला वेग लवकर गमावतो आणि ध्वनीच्या वेगाजवळ डळमळून नेमही चुकवतो. वेगाचा आकडा विक्रेत्याच्या सोयीचा आहे. मोजायचीच असेल तर ऊर्जा मोजावी, हे शास्त्रही सांगते आणि कायदाही. शस्त्र नियम २०१६ नुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल किंवा नळीच्या मुखाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक असेल तर परवाना लागतो. ब्रिटनमध्ये रायफलसाठी ही मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल आहे, जर्मनीत ७.५ ज्यूल. कॅनडाने वेग आणि ऊर्जा असे दोन्ही निकष ठेवले. सेकंदाला १५२.४ मीटर आणि ५.७ ज्यूल या दोन्ही मर्यादा ओलांडल्या तरच तेथे परवान्याचे बंधन येते.

इथपर्यंत नियम करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण पुढे सुरू होते.

पहिली गोष्ट. ऊर्जा हा बंदुकीचा कायमचा गुण नव्हे. छर्रा बदलला की ती बदलते. आधीच हवा भरून ठेवण्याच्या प्रकारातील बंदुकीत तर जड छर्रा घातला की ऊर्जा वाढते, आणि अनेक बंदुकांत एक स्क्रू फिरवूनही वाढते. दुकानात १८ ज्यूलची असलेली वस्तू घरी पोहोचल्यावर २५ ज्यूलची होऊ शकते. ती मोजण्यासाठी लागतो एक वेगमापक आणि एक नाजूक तराजू. ही साधने काही हजार रुपयांत मिळतात. तरीही ती किती पोलीस ठाण्यांत आहेत, हा प्रश्न मी माझ्या सेवाकाळात कधी विचारला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. आकडा राजपत्रात छापला की काम संपले, असे मानणाऱ्यांत मीही होतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वीस ज्यूलची रेषा माणसाच्या सुरक्षिततेसाठी आखली आहे. दहा मीटर स्पर्धेतील ज्या एअर रायफलने अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवले, त्या प्रकारच्या रायफलची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते. बारा बोअरच्या बंदुकीची दोन-तीन हजार. या मोजपट्टीवर वीस ज्यूल किरकोळ वाटतात. पण चिमणीला ते किरकोळ नसतात. सलीम अली लहानपणी खेळण्यातल्या एअरगनने पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या बंदुकीने देशाला एक पक्षिशास्त्रज्ञ दिला हे खरे. ती खेळण्यातली असूनही पक्षी मेला, हेही तितकेच खरे.

वानरासारख्या मोठ्या प्राण्याच्या बाबतीत हाच आकडा उलट्या बाजूने क्रूर ठरतो. वीस ज्यूलचा छर्रा त्याला बहुधा ठार करत नाही. तो कातडी फोडून आत रुततो, डोळा फोडतो, जखम चिघळवतो. प्राणी झाडीत निघून जातो आणि आपल्या दृष्टीआड मरतो. मार्च २०१९ मध्ये सुमात्रात 'होप' नावाची एक ओरांगउटान मादी सापडली. तिच्या अंगात एअरगनचे ७४ छर्रे होते आणि ती आंधळी झाली होती. तिचे पिल्लू वाचले नाही. एका छऱ्याने जीव जात नाही, म्हणूनच ७४ लागतात. ज्या ऊर्जेला आपण 'सुरक्षित' म्हणतो ती माणसाच्या कायद्यापुरती सुरक्षित असते. प्राण्याच्या वाट्याला तिच्यातून लांबलेले मरण येते.

मग अधिक ऊर्जेची बंदूक द्यावी का? शिकारीचे समर्थक हाच युक्तिवाद करतात: पुरेशी ऊर्जा असेल तर मरण झटपट येते. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे या युक्तिवादाला अर्थ आहे. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत मारणे येते, जखमी करणे येते आणि तसा प्रयत्नही येतो. नेम चुकला तरी गुन्हा घडतो. सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि वापरलेले हत्यार सरकारजमा होते. यशवंतपूरला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या झाडीत लाजवंती, म्हणजे स्लेंडर लोरिस, हा पाव किलोचा निशाचर प्राणी आढळतो. उद्या कोणी गच्चीवरून त्याच्यावर छर्रा झाडला, तर तो कायदा वेग विचारणार नाही आणि ज्यूलही विचारणार नाही.

म्हणून म्हणतो, परवाना लागत नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. एक प्रश्न शस्त्राचा आहे, दुसरा कृत्याचा. पहिला गृह विभागाच्या फाईलमध्ये राहतो, दुसरा वन विभागाच्या. या दोन फाईलींची गाठ पडत नाही, आणि त्या मधल्या फटीतून बाजार चालतो.

आता त्या अभियंत्याच्या वडिलांविषयी. त्यांना दोष देऊन मोकळे होणे ही शुद्ध ढोंगबाजी ठरेल. ज्याची बाग वर्षाला ओरबाडली जाते त्याला दयेचे पाठ शहरातून देऊ नयेत. कायद्याने त्यांच्यासारख्यांसाठी दार ठेवले आहे: कलम ११. अनुसूची दोनमधील प्राणी, उदाहरणार्थ रानडुक्कर, उभ्या पिकाला धोकादायक ठरला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कारणे नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. पण आदेश निघेपर्यंत पीक थांबत नाही. एअरगनचा सर्वांत मोठा विक्रेता कोण, असे कोणी विचारले तर माझे उत्तर आहे, टेबलावर पडून राहिलेला अर्ज. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग गावातून एअरगन स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि लोकांनी पुढे येऊन बंदुका दिल्या. शासन दारी जाऊन बोलले तर माणसे ऐकतात, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

माझ्या मागण्या चार आहेत.

१. खोक्यावर वेग छापायचा असेल तर सोबत छऱ्याचे वजन आणि ऊर्जा छापणे बंधनकारक करावे.

२. प्रत्येक जिल्हा शस्त्रागारात वेगमापक असावा आणि विक्रीच्या नमुन्यांची हलक्या व जड अशा दोन्ही छऱ्यांनी चाचणी व्हावी.

३. विक्रीच्या पावतीवर स्थानिक भाषेत लिहावे: या हत्याराने वन्यप्राण्यावर नेम धरणे हा गुन्हा आहे.

४. कलम ११ खालील अर्जावर, होकार असो वा नकार, ठरावीक दिवसांत लेखी निर्णय द्यावा आणि विलंबाची जबाबदारी अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी.

पहिल्या तिन्हींना खर्च अत्यल्प आहे. चौथीला तर पैसाही लागत नाही, फक्त इच्छा लागते. म्हणून तीच सर्वांत अवघड आहे, हे मी तीस वर्षांच्या नोकरीनंतर जाणतो.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, की दोन्ही घेऊ नकोस, वडिलांना अर्ज लिहायला मदत कर, मी मसुदा पाहून देतो. अर्ज गेला आहे. वानरांसाठी आणि डुकरांसाठी वेगवेगळा, पोच घेऊन. उत्तर अजून आलेले नाही. आंब्याचा हंगाम मात्र वेळेवर येईल.