संस्था आपली, मग हिशेब कोणी विचारावा?

बार्शी व भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

पैसा नसला कीं संस्था बुडते, असें जो तो म्हणतो. आमचें म्हणणें निराळें आहे. गरिबांची संस्था गरिबीनें बुडत नाहीं. तिला गरिबांची गरज उरली नाहीं, म्हणजे ती बुडूं लागते.

आपल्या गांवचेंच पहा. १९३४ सालीं कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनीं बार्शींत श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ उभें केलें, तें खेड्यांतल्या शेतकऱ्याच्या पोराचें शिक्षण अडूं नये म्हणून. तिकडे साताऱ्यास वसतिगृहांतील पोरांच्या पोटाला कमी पडलें, तेव्हां भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि मोडलें. त्या काळीं अशीं वसतिगृहें मूठमूठ धान्यावर चालत. मूठ मागण्यास दारोदार जावें लागे, आणि दाणे घालतां घालतां घरची बाई सहज विचारी, "माझ्या भावाचें पोर घेतलें कां हो?" तिला उत्तर द्यावेंच लागे.

आज अनुदानित शाळेच्या मास्तरांचा पगार सरकारी तिजोरींतून येतो; विनाअनुदानित शाळा फीवर चालते. हें वाईट नव्हे. पण ज्याच्या पैशावर संस्था चालते त्याच्याकडे तिचें तोंड वळतें. दारावर कोणी येत नाहीं, म्हणून विचारणारेंहि कोणी राहिलें नाहीं.

"आम्ही रात्रंदिवस राबतों, आणि काडी न हलविणारे हिशेब मागतात," असें कांहीं चालक म्हणतील. बाबांनो, प्रामाणिक माणसाचें रक्षण हिशेबच करतो. १८७३ सालीं निघालेल्या सत्यशोधक समाजानें १८७७ सालीं आपला रिपोर्ट छापून लोकांपुढें ठेवला. जोतीरावांना ज्यांत कमीपणा वाटला नाहीं, त्यांत आपणांस कां वाटावा? भटशाहीचें वतन नको म्हणणारांनीं कार्यकारी मंडळांत मुलगा, जांवई, पुतण्या यांचें वतन बसवावें, हें कोणत्या तोंडानें?

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानें दरसाल हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयांत द्यावे लागतात. पण कायदा रुपये मोजतो, हेतु मोजीत नाहीं. तें काम सभासदांचें आहे.

म्हणून वार्षिक सभेंत तीन प्रश्न विचारा. यंदा शेतमजुराचीं, धनगराचीं, कुंभार-लोहाराचीं किती मुलें घेतलीं? प्रवेशाच्या वेळीं पावतीशिवाय कोणाकडून कांहीं घेतलें काय? नवे सभासद कोण झाले, आणि ते चालकांचे कोण लागतात?

संस्थापकांच्या तसबिरीला हार अवश्य घाला. पण हार घालून घरीं परतूं नका, सभेंत बसा. सभासद नसाल तर सभासद होण्यासाठीं अर्ज करा. सभेची नोटीस निघेल त्या दिवशीं एक पाळी कुळवाची राहिली तरी चालेल. पोराची शाळा हातची गेली तर चालणार नाहीं.