पिस्तूल चालले कसे, हाच कळीचा प्रश्न

खास प्रतिनिधी, नवी मुंबई

तळोजा कारागृहातून २३ सप्टेंबर २०२४ रोजी ताब्यात घेतलेला बदलापूर अत्याचार प्रकरणातील आरोपी मुंब्रा बाह्यवळण रस्त्याजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मरण पावला. त्याने सहायक निरीक्षकाचे पिस्तूल हिसकावून तीन गोळ्या झाडल्या, त्यांतील एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीत घुसली आणि स्वसंरक्षणार्थ दुसऱ्या अधिकाऱ्याने गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे होते. दोनच दिवसांनी, मृताच्या वडिलांच्या याचिकेवर सुनावणी करताना, मुंबई उच्च न्यायालयाने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. पिस्तूल सज्ज करण्यास ताकद लागते. सराव नसलेल्याला ते साधले कसे, असा खंडपीठाचा सवाल होता. झटापटीत पिस्तुलाचे लॉक उघडले, असे उत्तर सरकार पक्षाने दिले.

हा सवाल समजण्यासाठी पिस्तुलाची रचना पाहावी लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात आणि चाप ओढताच पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात त्या मुठीतील मॅगझिनमध्ये असतात. पहिली गोळी चढविण्यासाठी वरची स्लाइड एका हाताने पूर्ण मागे खेचून सोडावी लागते. त्यानंतर मात्र प्रत्येक गोळीच्या धक्क्याने स्लाइड आपोआप मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परतताना नवी गोळी नळीत ढकलते.

या साखळीत कोठेही खंड पडला, तर पिस्तूल जाम होते. मॅगझिनची स्प्रिंग ढिली पडणे, त्याच्या वरच्या कडा वाकणे, आत मळ साचणे, काडतूस सदोष असणे ही नेहमीची कारणे. पकड सैल असली किंवा स्लाइडवर कोणाचा हात आला, तरी ती पुरती मागे जात नाही. पुंगळी अडकते अथवा पुढची गोळी चढत नाही. झटापटीत नेमके हेच घडण्याचा संभव अधिक.

म्हणूनच केवळ ‘लॉक उघडले’ हे उत्तर अपुरे ठरते. लॉक निघाल्याने गोळी नळीत चढत नाही. गोळी आधीच चढविलेली असेल, तर ताकदीचा मुद्दा गौण ठरतो. पण मग भरलेले पिस्तूल आरोपीच्या हाताच्या अंतरावर का होते, याचे उत्तर पोलिसांनाच द्यावे लागते. नळी रिकामी असेल, तर गाडीच्या अरुंद जागेत स्लाइड कोणी खेचली? आणि तीन गोळ्या सुटल्या असतील, तर झटापट सुरू असतानाही स्लाइड निर्वेध फिरली, असे मानावे लागते.

यांतले काहीच अशक्य नाही. परंतु ते तर्काने नव्हे, त्याच पिस्तुलाच्या, मॅगझिनच्या आणि पुंगळ्यांच्या तपासणीने ठरते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकारी चौकशी अहवालात पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरण्यात आले. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे आढळले नसल्याचेही त्यात नमूद होते. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. हे पथक पोलीस महासंचालकांनी नेमावे, असा बदल सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात केला.

चिमुरड्यांवरील अत्याचाराचा आरोप भीषण होता, म्हणून अनेकांना हा प्रश्न नकोसा वाटला. मात्र त्या आरोपाचा निवाडा न्यायालयात व्हायचा होता. तो झाला नाही, आणि म्हणूनच त्या पिस्तुलाचा हिशेब चोख लागणे अधिक आवश्यक आहे.